तिसऱ्या उपवाहिनीचे पंचवीस श्रोते

महाराष्ट्र समाजाच्या सूचनाफलकावर खडूने लिहिलेली ओळ: 'सभासदांनी शोरूममध्ये जेवणाचे डबे नेऊ नयेत. आदेशावरून.'

*

एका मोटारीची बॅटरी. तीन आठवड्यांत चौथ्यांदा उतरलेली. या तीन आठवड्यांत मोटार चालली एकूण दोनशे मीटर. तीही ढकलून.

*

भैरवगढच्या छाप्याची डबलबेडची चादर, लाल जमिनीवर काळ्या बुट्ट्या. ती मोटारीच्या काचेवर बाहेरून टाकलेली आहे. आतून चार माणसांच्या खोकण्याचा आवाज येतो.

*

एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचं पत्र: 'आपल्या कालच्या कार्यक्रमात एकूण सतरा हिंदी शब्द आले. यादी सोबत जोडली आहे.'

*

"भाईसाहब, ये रेडियो सुनने के लिए है कि रहने के लिए?"

*

एका सरकारी छापाच्या अर्जाचा रकाना सात: 'पूर्ण कार्यक्रम ऐकलेल्या श्रोत्यांची संख्या, अंकी व अक्षरी.' रकाना कोरा.

*

या सगळ्यांचा एकमेकांशी काय संबंध, असं ज्याला वाटेल त्याची यज्ञेश्वर सबनीसांशी गाठ पडलेली नाही. पडली असती तर तोही त्या मोटारीत, चादरीच्या आत, खोकत बसला असता.

आता अर्जाच्याच क्रमाने जाऊ. म्हणजे निदान कुठेतरी क्रम राहील.

रकाना एक. अर्जदाराचे नाव व व्यवसाय.

यज्ञेश्वर सबनीस, नानाखेडा, उज्जैन. जिल्हा शिक्षण कार्यालयातून निवृत्त. पण ही झाली नोकरी. व्यवसाय विचाराल तर ते आडनावच पुढे करतात. सबनीस म्हणजे फौजेची हजेरी घेणारा. किती स्वार, किती घोडी, किती हजर, किती आजारी. त्यांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी लष्कराबरोबर माळव्यात उतरले ते हातात हजेरीपट घेऊन, आणि समोर उभं नसलेलं घोडं त्यांनी जन्मात कधी मांडलं नाही. निदान घरात तरी असंच सांगतात. घोड्यांना विचारायची सोय राहिलेली नाही.

रकाना दोन. प्रयोजन.

'रेडिओ मालवतरंग' हे आपल्या गावचं लहानसं केंद्र. त्यावर सकाळी भक्तिगीतं, दुपारी सिनेमाची गाणी आणि मध्ये मध्ये कूलरच्या जाहिराती लागतात. कुणाची तक्रार नव्हती. पण तक्रार नसताना सुधारणा करणं हे वरच्या कार्यालयांचं कामच असतं. केंद्रावर नवं डिजिटल यंत्र आलं. जुन्या यंत्रातून एकच वाहिनी जायची. नव्यातून तीच वाहिनी, शिवाय तिच्या पोटात आणखी तीन उपवाहिन्या. एकाच नळाला चार तोट्या म्हणा ना. पाणी किती आहे हे विचारायचं नाही.

पहिली उपवाहिनी मंडीचे भाव सांगणाऱ्यांनी घेतली, दुसरी एका भजन मंडळाने. तिसरी रिकामी राहिली. आणि वरून कागद आला की एकही उपवाहिनी रिकामी ठेवू नये.

त्यामुळे केंद्राचे कार्यक्रम अधिकारी सौमित्र व्यास यांनी गावातल्या सगळ्या समाजांना पत्रं धाडली. महाराष्ट्र समाजाच्या सभेत ते पत्र नवव्या विषयाखाली निघालं, सभागृहाच्या पंख्यांच्या नंतर. अध्यक्ष दत्तात्रय पोतनीस यांनी ते चष्मा कपाळावर ठेवूनच वाचलं आणि म्हणाले, "रोज अर्धा तास मराठी. कोण करेल? नाहीतर पंख्यांकडे परत जाऊ."

पंखे टाळण्यासाठी का होईना, सगळ्यांनी सबनीसांकडे पाहिलं. सबनीसांना वाटलं, इतिहास पाहतोय.

दुसऱ्या दिवशी ते व्यासांसमोर बसले.

"सर, आपको रोज आधा घंटा मिलेगा. चार से साढ़े चार. सुबह आके रिकॉर्ड कर जाइए."

"और बाकी साढ़े तेईस घंटे उस पर क्या चलेगा?"

"बाँसुरी."

सबनीसांना ही तडजोड पटली. साडेतेवीस तास बासरी ऐकून आलेला माणूस अर्धा तास काहीही ऐकेल, असा त्यांचा हिशोब.

रकाना तीन. कार्यक्रमाचे स्वरूप (थोडक्यात).

पहिला कार्यक्रम पाडव्याला. तीन मिनिटं प्रास्ताविक, दहा मिनिटं गावच्या बातम्या, मग एक मुलाखत, शेवटी पाककृती, असं ठरलं होतं. तीन मिनिटांचं प्रास्ताविक अर्धा तास चाललं. घराण्याचा मूळ पुरुष लष्कराबरोबर निघतो इथून सुरुवात झाली, आणि वेळ संपली तेव्हा तो नर्मदेच्या अलीकडच्या काठावर घोडी मोजत होता. नदी दुसऱ्या दिवशी ओलांडली.

'थोडक्यात' या शब्दाशी सबनीसांचं आयुष्यभर जमलं नाही. कार्यालयात असताना त्यांनी एका शाळेच्या गळक्या छताचा अहवाल पस्तीस पानी लिहिला होता. तो पोचेपर्यंत छत पडून प्रश्न मिटला होता.

असो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सबनीस टॉवर चौकात कैऱ्या घ्यायला गेले, आणि त्यांचं नशीब फळलं.

"सबनीस!" पोतनीस रस्त्याच्या पलीकडूनच ओरडले. "काय बोललात हो! मज्जा येऊन राहिली होती! आणि आवाज किती साफ!"

कैऱ्या तोलून घेईपर्यंत आणखी दोघे भेटले. दोघांनाही कार्यक्रम फार आवडला होता. एकाचे डोळे पाणावले होते, पण तो कांदेही घेत होता. आठवड्याभरात समाजाच्या कार्यालयात पत्रं आली, मोजून एकेचाळीस. सबनीसांनी ती तारीखवार फाइल केली.

बेचाळिसावं पत्र प्रभाकर हिरव्यांचं. हिरवे साताऱ्याकडचे. बँकेच्या बदलीवर तीस वर्षांपूर्वी इथे आले, आणि आपण अजून बदलीवरच आहोत असं धरून राहिले. त्यांनी सतरा हिंदी शब्दांची यादी पाठवली. सबनीसांनी आपला कागद काढून पडताळलं. सतरातले तीन होते, चौदा नव्हतेच. पण प्रामाणिक माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. बोलण्याच्या ओघात गेले असतील, असं त्यांनी मान्य केलं आणि क्षमापत्र लिहिलं. (नऊ पानी.)

त्यावरून समाजात दोन तट पडले. पिढ्यान्‌पिढ्या इथेच असलेले म्हणाले, आम्ही अडीचशे वर्षं असंच बोलतोय, 'पाणी येऊन राहिलं' म्हटलं तर पाणी यायचं थांबतं का? नोकरीनिमित्त आलेले म्हणाले, मग ही वाहिनी बासरीचाच एक प्रकार म्हणून जाहीर करा. एक शुद्धीकरण उपसमिती झाली. तिच्या पहिल्याच सभेत 'उपसमिती'ला 'सब-कमिटी' म्हणण्यावरून एक राजीनामा पडला. एकूण, मराठी वाहिनीचा जो काही परिणाम व्हायला हवा तो झाला.

सबनीस जमिनीवरून वीतभर वर चालत होते. एकच माणूस काही बोलत नव्हता, आणि तो घरातच होता.

"कसा वाटतो कार्यक्रम?" त्यांनी पत्नीला विचारलं.

"भेंडी आणलीत?" अहल्याबाई म्हणाल्या.

"अहल्या, मी कार्यक्रमाचं विचारतोय."

"मी भेंडीचं विचारतेय."

पुण्याहून मुलीचा, निहारिकाचा, फोन आला. "बाबा, त्यापेक्षा पॉडकास्ट करा ना. लिंक पाठवली की कुणीही ऐकेल."

"रेडिओ पाठवावा लागत नाही, बाळ. तो हवेतून जातो."

"जातो हो. पण घेतो कोण?"

सबनीसांनी हा नव्या पिढीचा उर्मटपणा समजून फोन आईकडे दिला.

रकाना चार. (लागू नसल्यास रेघ मारावी.)

———

रकाना पाच व सहा. श्रोत्यांची नावे. श्रोत्याकडील डिजिटल संचाचा प्रकार.

एप्रिलच्या शेवटी हाच अर्ज हातात पडला. एकतीस मेपर्यंत पंचवीस श्रोत्यांच्या सह्या हव्या होत्या. प्रत्येकाने एक तरी कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलेला हवा, आणि कोणत्या संचावर ऐकला तेही लिहायचं. नाहीतर तो अर्धा तास 'वास्तुदोष और आप' या कार्यक्रमाला. त्याचा प्रायोजक प्लॉट विकणारा होता, आणि तो रोज केंद्रावर मिठाई घेऊन येत होता.

पंचवीस! सबनीस हसले. त्यांच्याकडे एकेचाळीस होते, आणि बेचाळिसावा विरोधी. हजेरीपट काखेत मारून ते पोतनिसांकडे गेले.

"सही करा. आणि कशावर ऐकता ते लिहा."

"रेडिओवर," पोतनीस म्हणाले.

"दाखवा."

पोतनिसांनी कपाटावरून एक रेडिओ काढला. त्यावर गणपतीच्या मखराचे कागद होते. बॅटरीच्या खणात मुंगळे राहत होते, आणि बरेच दिवस राहत असावेत, कारण त्यांची तिसरी पिढी दिसत होती.

"कालच बंद पडला," पोतनीस म्हणाले.

दुसऱ्या घरी मोबाइलवर ऐकत होते, पण मोबाइल नेमका सुनेकडे होता आणि सून नेमकी माहेरी. तिसऱ्या घरी "शेजाऱ्यांकडे लागतो तो इथवर येतो." शेजारी ताला लावून सहा महिने अमेरिकेत. एकोणीस घरं फिरल्यावर सबनीस हिरव्यांच्या दारात उभे राहिले. शत्रू तरी खरं ऐकत असेल, अशी त्यांना आशा होती.

"ऐकलं म्हणजे," हिरवे शांतपणे म्हणाले, "मी तत्त्वतः ऐकलं."

"मग ते सतरा शब्द?"

"तुम्हा पिढीजात उज्जैनकरांच्या अर्ध्या तासात सरासरी सतरा येतातच. मी सरासरीने पाठवले."

सबनीस तडक केंद्रावर गेले. उन्हाने डोकं आणि अपमानाने बाकीचं तापलं होतं.

"व्यासजी, ये मेरा कार्यक्रम सुनाई किस पर देता है?"

"डिजिटल वाले सेट पर, सर. मामूली रेडियो पर सिर्फ मेन चैनल आता है."

"वो सेट मिलता कहाँ है?"

"मिलता नहीं है, सर."

"तो आप खुद किस पर सुनते हैं?"

सौमित्र व्यासांना या प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं. "हम? हम तो भेजते हैं, सर."

मग त्यांना दया आली असावी. दरवाजापर्यंत पोचवताना ते म्हणाले, "नई गाड़ियों में आता है कभी-कभी. किसी की नई गाड़ी देख लीजिए."

सबनीसांकडे स्कूटर होती. पण शेजारी अनिल चौरसिया होते. टॉवर चौकात साड्यांचं दुकान, आणि दारात सहा महिन्यांपूर्वी घेतलेली नवी कोरी मोटार. ती घेतली खरी, पण टॉवर चौकात ती लावायला जागा मिळेना. म्हणून चौरसिया दुकानात स्कूटरनेच जायचे आणि मोटार रोज पुसून घरी ठेवायचे.

"गाड़ी में रेडियो?" चौरसियांच्या पत्नी अलकाभाभी म्हणाल्या. "हाँ हाँ, आता है ना. अरे, भाभीजी ने आपको बताया नहीं?"

"क्या?"

अलकाभाभी गॅसकडे वळल्या. "कुछ नहीं. चाय में शक्कर?"

त्या दिवशी दुपारी चौरसिया जेवायला घरी आले होते. दोघे मोटारीत बसले. काचेच्या पडद्यावर बोटं फिरवून त्यांनी वातानुकूलन लावलं, वायपर लावले, चौरसियांच्या साडूला फोन लावला, आणि शेवटी चाराला दोन मिनिटं कमी असताना बासरी सापडली. पडद्यावर वाहिनीचं नाव इंग्रजीत होतं: टेस्ट सर्व्हिस तीन. पाच आठवडे सबनीस जिला 'माळव्यातील मराठीचा दीपस्तंभ' म्हणत होते, ती केंद्राच्या लेखी अजून चाचणीच होती.

आणि मग बासरी थांबली आणि सबनीस बोलू लागले. ना खरखर, ना शिट्टी. जणू मागच्या सीटवर बसून तेच बोलत होते. त्यांनी नकळत एकदा मागे वळून पाहिलं.

त्या दिवशीचा विषय होता, जुन्या लोकांच्या इनामी जमिनी कशा गेल्या. चौरसिया स्टिअरिंगवर हात ठेवून अर्धा तास हलले नाहीत. बासरी पुन्हा सुरू झाली तेव्हा म्हणाले, "बढ़िया."

"समझ में आया?"

"आधा. बाकी का आधा हमारे ताऊजी के केस जैसा ही है. किसने लिखवाया, किसने दबाया. कल फिर है क्या?"

सबनीसांनी हजेरीपट काढला. पहिलं नाव लिहिलं. अनिल चौरसिया. संच: मोटार. पूर्ण: होय. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी 'कल फिर है क्या' विचारलं होतं.

आता चोवीस.

मोटारीत मागे तिघे आणि पुढे एक, असे रोज चार सभासद बसतील आणि सहा दिवसांत काम संपेल, हे गणित चूक नव्हतं. फक्त त्यात माणसं होती. आणि मे महिना होता. दुपारी चारला नानाखेड्यात बंद मोटारीचं जे होतं ते कुकरचंही होत नाही. इंजिन चालू ठेवावं तर पेट्रोल चौरसियांचं. काचा उघडाव्यात तर समोरच्या घरी डीजे. म्हणून अहल्याबाईंच्या कपाटातली भैरवगढची चादर काचेवर आली. चौरसियांच्या दारात लाल चादर टाकलेली मोटार आणि आत चार म्हातारे पाहून कॉलनीत दोन माणसं सांत्वनाला येऊन गेली.

पहिल्या दिवशी एकजण चार-वीसला लघवीला गेला. 'पूर्ण' या शब्दात तो बसेना. दुसऱ्या दिवशी एक झोपला. झोपेत ऐकलेलं धरायचं का, यावर इतका वाद झाला की उरलेल्या तिघांचंही ऐकणं बुडालं. तिसऱ्या दिवशी पोतनीस दहीभाताचा डबा घेऊन आले आणि सीटवर दही सांडलं. बॅटरी एकदा उतरली, दोनदा उतरली. रेडिओ ऐकायला आलेल्या चौघांनी मोटार ढकलून कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत न्यायची, हा कार्यक्रमाचाच भाग होऊन बसला. चौथ्यांदा उतरली तेव्हा चौरसिया, जे आजवर तक्रारीचा एक शब्द बोलले नव्हते, दह्याच्या वासात उभे राहून म्हणाले, "भाईसाहब, ये रेडियो सुनने के लिए है कि रहने के लिए?"

तीन आठवड्यांनी हजेरीपटावर नावं होती: एक. तेच. अनिल चौरसिया, एकूण सोळा कार्यक्रम, सगळे पूर्ण.

रकाना सात.

युक्ती पोतनिसांची. ज्याने दही सांडलं त्यालाच ती सुचावी, हा न्याय होता.

"देवास रोडला शोरूम आहे. तिथे पाच-पाच गाड्या उभ्या असतात. थंड हवा, पेट्रोल त्यांचं. आपण गिऱ्हाईक म्हणून जायचं, बसायचं, ऐकायचं, उठून यायचं."

सत्तावीस मेला दुपारी साडेतीनला महाराष्ट्र समाजाचे चोवीस ज्येष्ठ सभासद शोरूमच्या पायऱ्या चढले. सूचनाफलकावर ताकीद दिली होती तरी तिघांकडे डबे होतेच. काउंटरवरच्या स्नेहा नावाच्या मुलीने इतकी पांढरी डोकी एकदम पाहून आधी मॅनेजरला बोलावलं आणि मग पाणी.

"अंकल, किसको लेनी है गाड़ी?"

चोवीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सबको," पोतनीस म्हणाले.

मुलीचा चेहरा असा उजळला की तिथूनच परत फिरावं असं सबनीसांना वाटलं. पण थंड पेयं आली होती. पाच मोटारी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या होत्या. तिने प्रत्येकीची हवा लावली, सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं, सबनीसांनी पाचही पडद्यांवर टेस्ट सर्व्हिस तीन लावून दिली, दारं बंद झाली. चार वाजले.

पहिल्या मोटारीत पुढे सबनीस. बासरी नाही, आवाज नाही, काही नाही. त्यांना वाटलं, थोडा उशीर होतोय. चार वाजून पाच. चार वाजून सात. जुना रेडिओ असता तर खरखरला असता, दूर कुठूनतरी कुणीतरी बोलतंय असं वाटलं असतं, कान लावता आला असता. डिजिटलचं तसं नाही. येतो तेव्हा सगळा येतो आणि नाही तेव्हा मेलेला असतो. वर पत्रा होता. पडद्यावर इंग्रजीत बारीक अक्षरं होती: सिग्नल नाही.

ते उतरून दुसऱ्या मोटारीपाशी गेले. काचेला कान लावला. आत शुकशुकाट. तिसरीत, चौथीत तेच. आणि पाचही मोटारींत समाजाची माणसं अत्यंत एकाग्रतेने बसली होती. कुणी मान डोलावत होतं. कुणी डोळे मिटून मंद हसत होतं. पाचवीत हिरवे बोटांवर काहीतरी मोजत होते.

साडेचारला दारं उघडली.

"वा!" पोतनीस म्हणाले. "आजचा तर सगळ्यांत भारी झाला."

"आवाज किती साफ," मागून कुणीतरी म्हणालं.

"आज फक्त नऊ," हिरवे म्हणाले. "सुधारणा आहे."

चोवीस सह्या पाच मिनिटांत झाल्या. तेवढ्यात स्नेहा पाचवा ट्रे घेऊन आली आणि तिने पोतनिसांना विचारलं, "तो अंकल, कौन-सा कलर?" पोतनिसांनी दोन थंड पेयं घेतली होती. दोन घेतल्यावर नाही म्हणायला जे काळीज लागतं ते आपल्या लोकांना देवाने दिलेलं नाही. ते म्हणाले, "पांढरा." आणि खरोखर मोटार नोंदवून बाहेर आले. त्यांना मोटार चालवता येत नाही.

घरी येऊन सबनीस हजेरीपट पुढ्यात घेऊन बसले. पंचवीस नावं होती. त्यातलं एक घोडं समोर उभं होतं. चोवीस कुठेच नव्हती.

अहल्याबाई समोर शेंगा सोलत होत्या. सबनीसांनी पट त्यांच्याकडे सरकवला.

"तू तरी खरी सही कर. उद्या चौरसियांच्या गाडीत बसू दोघं. एक कार्यक्रम."

अहल्याबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या नाहीत. "पूर्ण ऐकला असं लिहून द्यायचंय ना?"

"पूर्ण."

"मग मी नाही द्यायची."

ऐकलेलाच नाही, असा सबनीसांनी त्याचा अर्थ घेतला. त्यांनी नवा कागद घेतला, पेनाला टोपण लावलं, काढलं, आणि रकाना सात भरला. अंकी: १. अक्षरी: एक.

कार्यालयीन उपयोगासाठी (अर्जदाराने येथे काही लिहू नये).

"सर," सौमित्र व्यास अर्ज दोन्ही बाजूंनी पाहत म्हणाले, "एक?"

"एक."

"भजन वालों ने दो सौ बारह दिए हैं. मंडी वालों ने दो सौ चौदह."

"उनके पास इतनी नई गाड़ियाँ हैं?"

"मंडी वालों के पास तो ट्रैक्टर हैं, सर." व्यासांनी आवाज खाली आणला. "देखिए, आपका एक ऊपर गया ना, तो ऊपर वाले पूछेंगे कि बाकी के चार सौ छब्बीस कहाँ से आए. आप अकेले के चक्कर में तीनों चैनल बंद होंगे. बाँसुरी भी."

"लेकिन सच तो एक ही है."

"सच आपने लिख दिया, सर. आपका काम हो गया. अब ये मेरा कॉलम है."

त्यांनी दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा काढला आणि सुवाच्य अक्षरात भरला. दोनशे तेरा. 'वास्तुदोष और आप'ला चौथी उपवाहिनी काढायचं ठरलं.

जूनमध्ये वरून पत्र आलं. तिसऱ्या उपवाहिनीला तीन वर्षांची मुदतवाढ, आणि 'अल्पावधीत उल्लेखनीय श्रोतृवर्ग' याबद्दल एक प्रशस्तिपत्रक. समाजाच्या सभागृहात सत्कार झाला. पंखे अजून तसेच होते. पोतनीस नव्या पांढऱ्या मोटारीतून आले, चौरसियांच्या दुकानातला माणूस ती चालवत होता. ते भाषणात म्हणाले की दोनशे तेरा हा नुसता आकडा नाही, ती दोनशे तेरा कुटुंबं आहेत. हिरव्यांनी शुद्ध मराठीत अनुमोदन दिलं.

सबनीस उत्तराला उभे राहिले. ध्वनिक्षेपक जवळ ओढला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी थोडक्यात बोलायचं ठरवलं होतं.

"मित्रहो," ते म्हणाले, "दोनशे तेरा हे खोटं आहे. मला एकच श्रोता आहे. तो मराठी नाही. तुमच्यापैकी कुणीही माझा एकही कार्यक्रम ऐकलेला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एका आजीने डोळे पुसले. "किती ओघवतं बोलतात," असं तिने शेजारणीला सांगितलं. मग कचोऱ्या आल्या.

कार्यक्रम चालू आहे. रोज सकाळी सबनीस जाऊन बोलून येतात, दुपारी चारला चौरसियांच्या मोटारीत जाऊन बसतात. सीट धुतली तरी दह्याचा वास थोडा येतो. चौरसिया हल्ली जेवायला मुद्दाम उशिरा येतात. मधल्या एका कार्यक्रमात त्यांनी हात वर करून म्हटलं, "रुकिए, ये वाला नाम पहले भी आया था," आणि रेडिओबरोबर ओठ हलवणारे सबनीस थांबले. रेडिओ थांबला नाही.

पहिल्या कार्यक्रमाच्या, म्हणजे त्या पाडव्याच्या दिवशी दुपारी चार वाजता अहल्याबाई अलकाभाभींकडून किल्ली मागून घेऊन चौरसियांच्या मोटारीत बसल्या होत्या. चार वाजून अकरा मिनिटांनी त्यांनी रेडिओ बंद केला.